राजा आणि व्यायामशिक्षक : औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि

इंग्रजी अमलांत ह्या देशांत पांचशेंहून अधिक संस्थानें होतीं. तेथील राजांपैकीं कांहींचीं नांवें त्यांच्या राजवाड्यांमुळें, कांहींचीं जडजवाहिरांमुळें, तर कांहींचीं वाघांच्या शिकारींमुळें लोकांच्या स्मरणांत राहिलीं आहेत. परंतु ज्याचें नांव घेतांच सकाळच्या कोंवळ्या उन्हांत शाळेच्या पटांगणांवर ओळीनें उभीं असलेलीं मुलें डोळ्यांपुढें यावींत, असा राजा विरळाच. औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे ते राजे होत. त्यांचें चरित्र आम्ही यंदा मुद्दाम निवडलें आहे. परीक्षेच्या काळजीनें हल्लीं मुलांच्या दिवसांतून दोन गोष्टी हळूहळू नाहींशा होत चालल्या आहेत. एक सकाळची न्याहारी व दुसरी रोजची शारीरिक मेहनत. ह्या दोहोंची किंमत ज्यानें राजवैभवापेक्षां अधिक मानली, अशा पुरुषाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस असावी, हाच आमचा हेतु.

औंध हें गांव सातारा जिल्ह्यांत, खटाव तालुक्यांत, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. आमच्या गोंदियाकडे तळीं, बोड्या व वैनगंगेचें पाणी आहे. त्या मुलखांत पाऊस बेताचा व जमीन कोरडी. संस्थानही लहानच. सुमारें बहात्तर गांवें, आणि तींही सलग नव्हेत, एक पुंजका इकडे तर दुसरा तिकडे. अशा घराण्यांत २४ ऑक्टोबर १८६८ रोजीं बाळासाहेबांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांचें उच्च शिक्षण झालें व ते बी. ए. झाले. त्या काळीं राजपुत्रानें परीक्षा देऊन पदवी मिळविणें ही नवलाची गोष्ट होती. चित्रकलेचा त्यांस लहानपणापासून नाद होता. रामायणावर त्यांनीं स्वतः चित्रें काढलीं, स्वतः उभें राहून कीर्तनें केलीं, आणि १९०९ सालीं गादीवर आल्यानंतर विद्या व कला ह्यांस सढळ हातानें आश्रय दिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली, त्या कार्यास एक लक्ष रुपये देण्याचें अभिवचन त्यांनींच दिलें होतें. औंधच्या टेकडीवरील चित्रसंग्रहालय आजही पाहावयास मिळतें. तथापि हीं सर्व कार्यें एका बाजूस ठेवलीं तरी एक कार्य असें उरतें कीं, ज्यास पैसा लागत नाहीं व राज्यही लागत नाहीं. तें म्हणजे रोजचा व्यायाम.

बाळासाहेब प्रथमपासूनच नमस्कारांचे भक्त होते असें मात्र नव्हे. त्यांच्या तरुणपणीं सर्व जगांत सँडो ह्या पहिलवानाचा बोलबाला होता. सँडो मूळचा प्रशियांतील. त्याच्या पीळदार शरीराचीं छायाचित्रें देशोदेशीं खपत आणि त्याचीं पुस्तकें व डंबेल्स टपालानें घरोघर जात. पुढें १९०४-०५ मध्यें तो ह्या देशांतही येऊन गेला. बाळासाहेबांनींही सँडोचें साहित्य मागविलें आणि सुमारें दहा वर्षें त्या पद्धतीनें नेमानें मेहनत केली. परदेशी म्हणून त्यांनीं ती पद्धति नाकारली नाहीं, किंवा परदेशी म्हणून ती आंधळेपणानें डोक्यावरही घेतली नाहीं. आधीं करून पाहिली. पुढें मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि हा नेम त्यांनीं उतारवयापर्यंत चालविला.

सूर्यनमस्कार महाराष्ट्रास नवीन नव्हते. उपासना म्हणून ते घराघरांत घातले जात आणि तालमींतही ठाऊक होते. परंतु त्यांतील प्रत्येक अवस्था निश्चित करून, श्वास केव्हां घ्यावा व केव्हां सोडावा हें ठरवून, लहानथोरांस सारखा शिकवितां येईल असा सुबोध अभ्यासक्रम करणें हें बाळासाहेबांचें काम होय. त्यांनीं एका नमस्काराच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत. हल्लीं बहुतेक ठिकाणीं बारा शिकवितात. उभें राहणें, वांकून हात जमिनीस टेंकणें, पाय मागें नेणें, सर्व देह जमिनीशीं आणणें, छाती वर उचलणें, आणि पुन्हां त्याच वाटेनें उभें राहणें, एवढाच हा खेळ. पण एवढ्यांत मान, पाठ, पोट, हात व पाय ह्यांस ताण बसतो व सैलपणाही मिळतो. साहित्य कांहीं लागत नाहीं. डंबेल्स विकत घेण्यास पैसा हवा, घोड्यावर बसावयास घोडा हवा, टेनिस खेळावयास दुसरा खेळाडू हवा. येथें साडेतीन हात जागा असली म्हणजे झालें. दुष्काळी मुलखांतील राजाच्या दृष्टीनें हा फार मोठा गुण होता. जी गोष्ट राजपुत्राला करतां येते, तीच शेतमजुराच्या मुलाला तितकीच चांगली करतां आली पाहिजे, ही त्यांची कसोटी होती.

मग त्यांनीं ती कसोटी शाळांस लावली. औंध संस्थानांतील शाळांत नमस्कार हा रोजचा विषय झाला, आणि तो मुलांपुरता न ठेवतां मुलींनाही शिकविण्यांत आला. त्या काळीं मुलींना शाळेंत धाडण्यासच लोक नाखूष असत. तेथें मुलींनीं व्यायाम करावा हें अनेकांस मर्यादेचें उल्लंघन वाटलें असल्यास नवल नाहीं. बाळासाहेबांनीं ह्या बाबतींत आपल्या घरापासून आरंभ केला. राणीसाहेब व मुलें नमस्कार घालीत, आणि राजेसाहेब स्वतः तर घालीतच. आम्हांस ह्यांतील मर्म हें वाटतें कीं, दुसऱ्यांनीं करावयाची गोष्ट त्यांनीं आधीं स्वतः केली. हुकूम काढणें कोणत्याही राजाला सोपें असतें. पहांटे उठून, अंगास घाम येईतों, वर्षानुवर्षें तेंच काम करणें हें सोपें नाहीं. जो शिक्षक खुर्चीवर बसून मुलांस पळावयास सांगतो, किंवा जो बाप अंथरुणांत पडून मुलास लवकर उठण्याचा उपदेश करतो, त्यानें औंधच्या ह्या राजाकडे एकदां पाहावें.

अर्थात् जो मनुष्य एखादी गोष्ट जिवाभावानें धरतो, त्याची थट्टाही होते. नमस्कारांचा महाराष्ट्रांत इतका गाजावाजा झाला कीं, १९३३ सालीं प्रल्हाद केशव अत्रे ह्यांचें साष्टांग नमस्कार नांवाचें नाटक रंगभूमीवर आलें. नमस्कारांनीं सर्व कांहीं साधतें असें मानणाऱ्या एका छांदिष्ट गृहस्थाची त्यांत अशी फजिती उडविली आहे कीं, प्रेक्षक पोट धरधरून हंसले. ह्या थट्टेंत सत्याचा अंश होता हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. नमस्कारांनीं नाना व्याधि हटतात असा बाळासाहेबांचा विश्वास होता. तो आजच्या वैद्यकशास्त्राच्या कसोटीस सर्वस्वीं उतरत नाहीं. क्षयाला औषधच लागतें व हिंवतापालाही औषधच लागतें. परंतु नियमित मेहनतीनें हृदय, फुफ्फुसें, स्नायु व हाडें बळकट होतात आणि मन प्रसन्न राहतें, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें तें हेंच कीं, पांच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनीं रोज सरासरी साठ मिनिटें तरी अंग चांगलें हलेल अशी हालचाल केली पाहिजे. लोक हंसले म्हणून बाळासाहेबांनीं नेम सोडला नाहीं, आणि महाराष्ट्रानेंही त्यांची योग्यता ओळखली. नाटकानंतर दोनच वर्षांनीं, १९३५ सालीं, इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस देण्यांत आलें.

१९३६ सालीं बाळासाहेब इंग्लंडास गेले. तेव्हां त्यांचें वय सदुसष्ट वर्षांचें होतें. त्यांचें ताठ शरीर व चपळ चाल पाहून लुईझ मॉर्गन ह्या वृत्तपत्रलेखिकेचें कुतूहल जागें झालें. तिनें हा व्यायाम समजून घेतला, इंग्रज वाचकांस त्याची ओळख करून दिली, आणि १९३८ सालीं तिनें सिद्ध केलेलें बाळासाहेबांचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. एकेकाळीं सँडोची पद्धति टपालानें औंधास आली होती. आतां औंधची पद्धति छापील पुस्तकाच्या रूपानें लंडनच्या दिवाणखान्यांत गेली. विद्येची देवघेव ही अशी दोन्ही बाजूंनीं चालते.

बाळासाहेबांचें कार्य ज्या काळांत चाललें, त्या काळीं इतर देशही स्वस्थ बसले नव्हते. स्वीडनमध्यें लिंग नांवाच्या गुरूनें १८१३ सालींच स्टॉकहोम येथें व्यायामाची संस्था स्थापिली होती, आणि शाळांतील कवाईत बऱ्याच अंशीं त्याच्या पद्धतीवरून निघाली आहे. जपानांत १९२८ पासून रेडिओवर संगीताच्या तालावर व्यायाम सांगण्याचा परिपाठ पडला. तेथें लहान मुलें व म्हातारीं माणसें आजही तो एकत्र करतात. अमेरिकेंत तरुण ख्रिस्ती संघाच्या शिक्षकांनीं १८९१ सालीं बास्केटबॉल व १८९५ सालीं व्हॉलीबॉल हे खेळ शोधून काढले. त्याच संघाच्या हॅरी बक ह्या गृहस्थांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढून ह्या देशांत शेंकडों व्यायामशिक्षक तयार केले. आमच्या विदर्भांतच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ सालीं बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. कोणी रेडिओ लावतो, कोणी चेंडू उडवितो, कोणी मल्लखांबावर चढतो, कोणी नमस्कार घालतो. रीति निरनिराळ्या, पण शरीरास रोज काम दिलें पाहिजे ह्याविषयीं सर्वांचें एकमत.

आतां दुसरी बाजू, अन्नाची. बाळासाहेबांनीं व्यायामाबरोबर आहाराचाही विचार केला होता. साधें व सात्त्विक अन्न घ्यावें आणि उत्तेजक पेयांपासून दूर राहावें असा त्यांचा कल होता. हा विचार किती आवश्यक होता तें त्याच सुमारास शास्त्रानें दाखवून दिलें. जावा बेटांत आइकमन नांवाच्या डच डॉक्टरनें असें पाहिलें कीं, पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंडा दिल्यावर त्या पुन्हां धडधाकट होतात. बेरीबेरी ह्या रोगाचें कोडें ह्यांतून सुटत गेलें, आणि १९२९ सालीं त्या डॉक्टरला नोबेल पारितोषिक मिळालें. इकडे निलगिरीवर कुन्नूर येथें डॉ. मॅककॅरिसन ह्यांनीं शीख, पठाण, मराठे, गुरखे, बंगाली, मद्रासी वगैरे लोकांचे आहार उंदरांस खाऊं घालून त्यांची वाढ तपासली. शिखांच्या आहारावरील, म्हणजे कोंड्यासकट गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी व फळें ह्यांवरील उंदीर सर्वांत धट्टेकट्टे निघाले. दूध व भाजी ज्यांत थोडी अशा नुसत्या भातावरचे उंदीर सर्वांत मागें राहिले. मराठ्यांच्या आहारावरचे मध्यें कोठें तरी बसले. जात किंवा वंश नव्हे, तर ताटांतील पदार्थ मनुष्यास उंच किंवा ठेंगणा करण्यास कारण होतात, ही केवढी मोठी शिकवण ह्या मुक्या प्राण्यांनीं दिली!

नॉर्वे देशाची राजधानी ऑस्लो येथें १९३० नंतरच्या दशकांत शाळेंतील मुलांना सकाळीं न्याहारी देण्याची पद्धत सुरू झाली. कोंड्यासकट पिठाचा पाव, चीज, दूध, अर्धें संत्रें किंवा सफरचंद, आणि थंडीच्या दिवसांत कॉड माशाच्या यकृताचें तेल. चूल पेटविण्याचीही गरज नाहीं अशी ही न्याहारी पुढें इतर देशांतही ऑस्लो न्याहारी म्हणून प्रसिद्ध झाली. आपल्या देशांत शाळेंत दुपारचें भोजन देण्याची राष्ट्रीय योजना १९९५ सालीं सुरू झाली, आणि तामिळनाडूनें २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीचीही सोय केली आहे. उपाशी पोटीं बसलेल्या मुलास गणित शिकविणें म्हणजे ओल्या लांकडास काडी लावणें होय, हें शहाण्या सरकारांस कळून चुकलें आहे.

ऑस्लोची न्याहारी गोंदियास आणावी असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. चीज व कॉडचें तेल आम्हांस परवडणार नाहीं व त्याची गरजही नाहीं. आमचा जिल्हा धानाचा, आणि शहर तांदळाच्या गिरण्यांचें. गिरणींत तांदूळ जितका अधिक पांढरा निघतो, तितका बाजारांत तो अधिक शोभतो आणि पोटांत तितका कमी उपयोगीं पडतो, कारण त्याचें सत्त्व कोंड्यांत निघून जातें. हातसडीचा तांदूळ, किंवा धान उकडून मग सडलेला उसना तांदूळ, ह्यांत तें सत्त्व बरेंच टिकतें. पोह्यांवर लिंबू पिळलें तर त्यांतील लोह अंगीं अधिक लागतें. मूग किंवा हरभरे रात्रीं भिजवून त्यांस मोड आणले तर त्यांत नवें जीवनसत्त्व उत्पन्न होतें. भाकरीबरोबर जवसाची चटणी, एखादा पेरू किंवा केळें, जमल्यास पेलाभर दूध. एवढें झालें तरी न्याहारी पुरी होते. ह्यांत महाग असें कांहीं नाहीं. महाग आहे तो रंगीत पुड्यांतील खाऊ, आणि नुकसानकारक आहे तो चहा, जो भूक मारून मुलाचें पोट भरल्याचा भास उत्पन्न करतो.

येथें एका नाजुक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. बाळासाहेबांच्या नमस्कारांत सूर्याचीं नांवें व बीजमंत्र ह्यांचा उच्चार असे, आणि त्यांची स्वतःची त्यावर श्रद्धा होती. आमच्या शाळेंत अनेक धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. कोणाच्या उपासनेचा उपहास करूं नये, तसेंच कोणाच्या जिभेवर दुसऱ्याची उपासना बळेंच ठेवूं नये, असें आम्हांस वाटतें. ज्यास मंत्र प्रिय असेल त्यानें मंत्रासह नमस्कार घालावे. ज्याची श्रद्धा निराळी असेल त्यानें दीर्घ श्वास घेऊन तीच हालचाल करावी. ज्यास तीही नको असेल त्यानें धांवावें, पोहावें, कबड्डी खेळावी. पण ह्या मतभेदाच्या आडोशाला आळसानें मात्र लपूं नये.

बाळासाहेबांच्या आयुष्याचा शेवटचा भाग त्यांच्या स्वभावावर अधिकच प्रकाश पाडतो. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत इंग्लंडांतून शिकून परत आले, मॉरिस फ्रीडमन नांवाच्या पोलिश अभियंत्यानें साह्य केलें, महात्मा गांधींनीं सल्ला दिला, आणि १९३९ सालीं औंधच्या राजानें आपली सत्ता रयतेच्या हातीं सोंपविली. गांवोगांवच्या पंचायतींवर राज्याची इमारत उभी राहिली. सत्तर वर्षांच्या राजानें आपण होऊन असें करावें ह्याचें तेव्हां सर्वांस आश्चर्य वाटलें. आम्हांस मात्र ह्यांत विसंगति दिसत नाहीं. प्रत्येकानें आपलें शरीर आपल्याच मेहनतीनें सांवरावें, दुसरा कोणी आपल्याकरितां व्यायाम करूं शकत नाहीं, हें ज्यानें तीस वर्षें शिकविलें, त्यानें गांवानेंही आपला कारभार आपल्याच बळावर सांवरावा असें म्हणणें स्वाभाविकच होतें. १९४८ सालीं औंध संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि १३ एप्रिल १९५१ रोजीं बाळासाहेब ब्यायशींव्या वर्षीं हें जग सोडून गेले.

संस्थान गेलें, गादी गेली, अधिकार गेले. पण त्यांनीं शिकविलेली ती हालचाल आज जगाच्या पाठीवर अशा कित्येक लोकांच्या अंगवळणीं पडली आहे कीं, ज्यांनीं औंधचें नांवही ऐकलेलें नाहीं. राजानें मागें ठेवलेल्या वस्तूंपैकीं सर्वांत टिकाऊ वस्तु अशी निघावी कीं, जिला ना वजन ना किंमत, ही नवलाचीच गोष्ट!

विद्यार्थीमित्रांनो, तुम्हांपैकीं कांहीं जण दोन-तीन मैल सायकल मारून शाळेस येतां. तुमचा व्यायाम वाटेंतच होतो, तुम्हांस हवी आहे न्याहारी. कांहीं जण दारांतून वाहनांत व वाहनांतून वर्गांत येतां. तुम्हांस न्याहारी मिळते, पण अंगास घाम ठाऊक नाहीं. आपल्यास काय कमी आहे तें प्रत्येकानें ओळखावें. आणि पालकहो, परीक्षा जवळ आली म्हणजे खेळाचा तास गणितास देण्यांत यावा अशी मागणी आपल्यापैकीं कांहीं जण कळकळीनें करतात, आणि शाळाही कित्येकदां तिला मान देतात. एका राजानें आपल्या छोट्याशा, कोरड्या मुलखांत तो तास आपल्या राजवाड्याहून मोलाचा मानला होता. उद्यां सकाळीं मुलाचें दप्तर भरण्यापूर्वीं त्याचें पोट भरलें आहे कीं नाहीं हें आपण पाहावें, आणि सुटीच्या दिवशीं त्याच्याबरोबर स्वतःही अंगणांत उतरावें, एवढीच विनंति.